जुनी रेसिंग सायकल घेताना

१९७०च्या दशकातली ब्रिटिश किंवा फ्रेंच रेसिंग सायकल विकत घेताना आधी पाहावी ती फ्रेम. फाटलेली सीट, कडक झालेली ब्रेकची रबरे, गंजलेली चेन यांची चिंता नको. ती बदलता येतात. हँडलखालच्या जोडामागे नळीचा रंग सुरकुतलेला असेल, तर बहुधा समोरून धडक बसलेली असते. अशी सायकल कितीही देखणी असली तरी सोडावी.

खरी परीक्षा सीटच्या दांडीची. ॲल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत ओलाव्यासह वर्षानुवर्षे राहिली की गंजून जखडते. तिथे तेल सोडून थांबणे हाच शहाणपणा; नुसत्या जोराने रेनॉल्ड्स ५३१सारखी पातळ, सुंदर नळी पिळवटते, आणि ते नुकसान फार जिव्हारी लागते.

पेडलांच्या आसाचे आटेही ओळखावे लागतात. ब्रिटिश सायकलीत उजव्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, तर जुन्या फ्रेंच सायकलींत बहुतेकदा दोन्ही वाट्या सुलट्या. पान्हा चुकीच्या दिशेने दाबला तर आटे जातात. छर्रे मात्र स्वस्त असतात, ते सरसकट नवे घालून ताजे ग्रीस भरावे.

२७ इंची रिमचा टायर ६३० मिलिमीटरचा, आजचा ‘७०० सी’ ६२२चा. एकाचा दुसऱ्यावर बसत नाही.