मांजराची साक्ष

भुताखेतांच्या सिनेमांच्या वाटेला मी सहसा जात नाही. पण परवा नातू म्हणाला, "आजी, यात मांजर आहे, तू बघच." म्हणून बसले. 'कॅट्स आय', १९८५ सालचा अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शक लुईस टीग, पटकथा स्टीफन किंग यांची. तीन वेगळ्या कथा आणि त्यांतून वाट काढत जाणारा एक भटका, पट्ट्यापट्ट्यांचा बोका.

पहिल्या दोन कथा किंग यांच्या १९७८ च्या 'नाइट शिफ्ट' संग्रहातल्या. एकीत सिगारेट सोडवणारी कंपनी आहे. तिथे विजेचा झटका देणाऱ्या जाळीवर बोक्याला नाचवून दाखवतात. 'पुन्हा ओढलीस तर इथे तुझी बायको असेल' हे गिऱ्हाइकाला नीट कळावं म्हणून! दुसरीतला जुगारी, बोका गर्दीचा रस्ता जिवंत ओलांडेल का यावर पैज लावतो. मग बायकोच्या प्रियकराला उंच इमारतीच्या अरुंद कडेवरून चालायला लावतो. (नातवाला हीच जास्त आवडली. माझ्या तळपायांना घाम फुटला.)

मी अडकले ती तिसऱ्या कथेत. छोटी ड्रू बॅरीमोर त्या बोक्याला घरी घेते आणि त्याचं नाव 'जनरल' ठेवते. रात्री भिंतीतून एक वीतभर राक्षस निघतो आणि झोपलेल्या पोरीचा श्वास चोरायला बघतो. तोच पिंजऱ्यातला पक्षी मारतो आणि आळ येतो बोक्यावर. मांजरं मुलांचा श्वास ओढून घेतात, ही आईची आधीपासूनचीच धास्ती. ती बोक्याला घराबाहेर काढते.

त्या आईला मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू?

१९७७ साली आम्ही वाईला भाड्याच्या घरात राहत होतो. थोरली महिन्या-दीड महिन्याची. घरात एक करडी मांजरी येऊन-जाऊन असायची. सासूबाई म्हणायच्या, मांजर तान्ह्याच्या छातीवर बसतं, श्वास कोंडतो. मी बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी. हसण्यावारी न्यायची. पण एका दुपारी पोर किंचाळली म्हणून धावले, तर मांजरी पाळण्यात आणि लेकीच्या गालावर ओरखडा. संध्याकाळी ह्यांनी तिला पोत्यात घालून कृष्णेपलीकडे सोडलं. सोडायला मीच सांगितलं होतं.

आठवड्याभराने रात्री पोर पुन्हा तशीच किंचाळली. दिवा लावला तर पाळण्यातून हा एवढा उंदीर उडी मारून पळाला. पायाच्या अंगठ्याला रक्त. मग त्या दुपारी मांजरी पाळण्यात कशाला शिरली होती? उंदरामागेच, असं मला वाटतं. पण आता सांगणार कोण? चार दिवस दुधाची वाटी घेऊन पलीकडे हाका मारत फिरले. सासूबाई चिडल्या, लोक हसले. नाही सापडली.

सिनेमातला बोका मात्र सुटून परत येतो. राक्षसाशी झुंजतो. शेवटी तो राक्षस रेकॉर्ड प्लेअरवर गरगरत पंख्यात जाऊन पडतो, तेव्हा नातू टाळ्या पिटत होता. मीही पिटल्या, खोटं कशाला सांगू.

नंतर त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, "आजी, तिचं नाव काय होतं गं?"

नाव नव्हतं ठेवलं. तिला आम्ही नुसतं 'शुक शुक' करायचो.