चाकांवरच्या घरातून रॉकी पर्वतात

माझी धाकटी बहीण अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहते. गेल्या जुलैत आईला घेऊन तिच्याकडे गेलो, तेव्हा मेहुण्यांनी रॉकी पर्वतात फिरण्यासाठी आर.व्ही. भाड्याने घेतली. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचे घरच. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज आणि लहानसे शौचालय. ७६ वर्षांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आईसाठी ही सोय मला आदर्श वाटली. वाटेत स्वच्छतागृह शोधायला नको, जेवण घरचे, दुपारी आडवे व्हायला हक्काची गादी. डॉक्टर असूनही मी निर्धास्त झालो, आणि तिथेच चुकलो.

घाई मात्र आम्ही केली नव्हती. डेन्व्हर शहरच मुळी १,६०९ मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे बहिणीच्या दिवाणखान्यात बसलेली आई जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरच बसली होती! तेथे चार दिवस काढून मगच आम्ही रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधील मोरेन पार्क येथे, सुमारे २,५०० मीटरवर, मुक्कामाला गेलो. समोर हिरवे कुरण, त्यातून वाहणारी बिग थॉम्प्सन नदी आणि उन्हाळ्यातही अंगावर शाल घ्यायला लावणारी संध्याकाळ. आई प्रसन्न होती.

तिसऱ्या दिवशी ‘ट्रेल रिज रोड’ने निघालो. एस्टेस पार्क आणि ग्रँड लेक यांना जोडणारा हा रस्ता ३,७१३ मीटरपर्यंत चढतो. हिवाळ्यात तो बर्फामुळे बंद असतो. उन्हाळ्यात दुपारनंतर विजा कडाडतात, म्हणून सकाळीच प्रस्थान ठेवले. जसजसे वर जावे तसतशी झाडे खुजी होत जातात आणि शेवटी केवळ गवत, खडक व इवलीशी रानफुले उरतात, असे ऐकले होते. ते पाहण्याची मलाच जास्त ओढ होती.

३,३०० मीटरच्या आसपास एका थांब्यावर बहिणीने चहा केला. आईने कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. आईने चहा नाकारावा, हे मी क्वचितच पाहिले आहे.

“आई, डोकं दुखतंय का?”

“थोडंसं. सकाळपासून. तुमचा बेत कशाला मोडायचा?”

डोकेदुखी आणि मळमळ विरळ हवेमुळे होते, तशीच बंद गाडीत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूमुळेही होते. म्हणून आधी तिला मोकळ्या हवेत बसवले. इतर कोणाला त्रास नव्हता आणि वायूचा इशारा देणारे यंत्रही चालू होते. तिचे बोलणे स्पष्ट होते, चालताना तोल जात नव्हता, बसल्या जागी धाप नव्हती. पण जीभ कोरडी पडली होती. मी गाडी मागे वळवायला सांगितले. माथा अवघा चारशे मीटर वर राहिला होता.

“माझ्यामुळे राहिलं रे,” आई पुटपुटली.

खाली येताना बहिणीने तिला हळूच बोलते केले. आदल्या दिवशी मेहुणे हातमोजे घालून गाडीची मैल्याची टाकी रिकामी करताना आईने पाहिले होते. जावयाला आपल्यासाठी असले काम करावे लागू नये, म्हणून तिने पाणी पिणेच कमी केले होते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी मात्र नेमाने घेतली होती. शौचालय हाताशी असल्याचा मला केवढा अभिमान. आणि आईला त्याचाच संकोच!

मेहुणे एवढेच म्हणाले, “आई, ती टाकी मीही वापरतो. तुम्ही पाणी प्या.”

मुक्कामी परतल्यावर पाणी, लिंबू सरबत, मऊ भात आणि विश्रांती. संध्याकाळपर्यंत डोके उतरले. तसे झाले नसते, तर रात्रीच डेन्व्हरला उतरायचे ठरवले होते.

आपल्या वडीलधाऱ्यांना हिमालयात किंवा परदेशी डोंगरांत नेताना चार गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. निघण्यापूर्वी हृदय, फुप्फुसे आणि चालू औषधे यांबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावे. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सुमारे ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. डोके दुखत असताना आणखी वर चढू नये. आणि बसल्या जागी धाप, सतत खोकला, झोकांड्या किंवा असंबद्ध बोलणे दिसताच विलंब न लावता खाली उतरावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

आणखी एक. “बरं आहे ना?” असे विचारू नये, उत्तर “हो” असेच येते. आज किती पाणी प्यायलात, लघवी किती वेळा झाली, भूक लागली का, असे नेमके विचारावे.

त्या सायंकाळी कुरणात एल्क जातीच्या मोठ्या हरणांचा कळप उतरला. घडीच्या खुर्चीवर, शाल पांघरून, आई ते पाहत बसली होती. थोड्या वेळाने तिने स्वतःहून चहा मागितला. माथा पाहायचा राहिला, याची खंत तिथेच संपली.