हँडलची उंची

वडिलांच्या बुलेटचं हँडल रुंद, मुठी चालवणाऱ्याकडे वळलेल्या. ते तिच्यावर ताठ बसत. वरंधा घाट उतरताना मागच्या सीटवरून मला त्यांचे खांदे दिसायचे. वळणामागून वळण जायचं, पण खांदे स्थिर. रुंद हँडलला तरफेची लांबी मिळते, त्यामुळे जड गाडीही थोड्या जोराने वळते. उजवीकडे वळायचं तर उजवी मूठ किंचित पुढे रेटायची, गाडी उजवीकडे कलते. वडिलांना हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यांच्या हातांना ते येत होतं.

कॉलेजात माझ्याकडे आरएक्स १०० आली. ९८ सीसीची हलकी गाडी. नाना पेठेतून आखूड, सरळ हँडल आणून बसवलं आणि गाडीच बदलली. छाती टाकीकडे झुकली, वजन पुढच्या चाकावर गेलं. खडी, ओल, डांबराची भेग सगळं तळहाताला कळू लागलं. वेगात वारा अंगावरून निघून जायचा. सिग्नलच्या गर्दीत मात्र मनगटं भरून यायची. तो भार हातांनी पेलायचाच नसतो. गुडघ्यांनी टाकी आवळून पोटापाठीने पेलायचा. हात सैल राहिले तरच हँडल मोकळं राहतं.

बसवून झाल्यावर मिस्त्रीने गाडी चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं. अ‍ॅक्सिलरेटरची वायर ताणली जात असेल तर नुसतं वळवताच रेस वाढते. मूठ टाकीला घासते का, हेही त्याने पाहिलं. उंच हँडल लावताना तर वायर आणि ब्रेकची नळी पुरते का, हे आधी बघावं. माझ्या मते रंग-क्रोमआधी हेच.

आता मान कुरकुरते. हँडलखाली ठोकळे टाकून ते वर, थोडं मागे घेतलंय. घाटात सुख आहे. हायवेवर वारा छातीवर आदळतो, हात नकळत हँडलला लोंबकळतात आणि गाडी सरळ रेषेत डुलायला लागते. तेव्हा वेग कमी करतो.

परवा पुतणीने विचारलं, "काका, क्लिप-ऑन लावू? ते खाली बसणारं हँडल?"

"फुटरेस्ट मागे घेणार आहेस का?"

"नाही."

"मग नको. कंबर दुमडते आणि सगळा भार मनगटांवर येतो. त्यात तू रोज स्वारगेट ते हिंजवडी करतेस. आधी आहे तेच हँडल क्लॅम्पमध्ये थोडं पुढे फिरवून आठवडाभर चालवून बघ."