मोज्यातली कुसळं

सहलीहून जबलपूरला परतून आठवडा झाला, तरी मोज्यातली कुसळं निघून संपत नाहीत. रात्री दिवाणावर बसून चिमटीनं एकेक ओढते. चौथीच्या मुलांना कान्हाच्या खटिया गेटजवळच्या पायवाटेवर फिरवताना लागलेली. तिथंच पाय मुरगळला. दुसऱ्या पहाटे पोरं जिप्सीतून जंगलात गेली आणि मी मुक्कामी राहिले, आईच्या आठवणीनं रडवेल्या झालेल्या एका मुलीसोबत.

अंगणातल्या गवतावर दव गोठलं होतं. ती त्यावर बोटानं रेघोट्या ओढत होती. तिचं मन रमावं म्हणून बारशिंग्याची गोष्ट काढली. १९७०च्या सुमारास इथं जेमतेम ६६ उरले होते. मग काही कुंपणात जपले, कुरणं राखली, आता शेकड्यांनी आहेत. सौंफचं कुरण म्हणजे तर पूर्वीचं गाव. ते उठलं आणि उंच गवत आलं.

"मग तिथली माणसं?"

"दुसरीकडे वसवली गं."

"त्यांना आवडलं तिथं?"

चहा बघून येते म्हणत मी उठले. दुखऱ्या पायानं. चहा तर आधीच झाला होता.

पोरं वाघ न दिसल्यानं हिरमुसून परतली. ही हाव आम्हीच लावलेली, दुसरं काय! बसमध्ये ती मुलगी मूठ घट्ट मिटून बसली होती. आत काय होतं, तिनं शेवटपर्यंत दाखवलं नाही.

आत्ता एक कुसळ बोटात रुतलं. काढलं, पण केरात टाकवेना. खिडकीतल्या कुंडीत खोचून ठेवलंय.