खेळ संपला असे सांगणारी यंत्रे

स्मरणरंजन हा मराठी ललित गद्याचा जुना मुक्काम. गावची नदी, आजोळचा वाडा, शाळेची घंटा यांवर आपल्याकडे इतके लिहून झाले आहे की, ललित निबंध शिकवताना आम्ही दोघेही वर्गात आधी एकच प्रश्न विचारतो : लेखकाला काय आठवते हे राहू द्या, तो काय गाळतो आहे ते सांगा. हाच प्रश्न २०२३ च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका शनिवारी रात्री, आमच्याच वाट्याला आला; आणि तोही मद्यालयात.

आमचा एक जुना विद्यार्थी तेथे नोकरी करतो. "सर, मॅडम, ग्रंथालये पुष्कळ पाहिलीत, आता तुमच्या पिढीचे संग्रहालय दाखवतो," असे म्हणत तो आम्हांला विल्यम्सबर्गमधील 'बारकेड'मध्ये घेऊन गेला. 'बार' आणि 'आर्केड' या शब्दांच्या जोडणीतून झालेले हे नाव. २००४ साली हे ठिकाण सुरू झाले आणि पुढे इतर शहरांतही त्याच्या शाखा निघाल्या. भिंतींलगत माणसाच्या उंचीच्या पेट्या ओळीने उभ्या होत्या. 'पॅक-मॅन' १९८० चा, 'डाँकी काँग' १९८१ चा. खेळणाऱ्यांपैकी कित्येकजण त्या यंत्रांपेक्षा वयाने लहान दिसत होते. मूल मात्र एकही नव्हते. अमेरिकेत मद्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. दारावरच ओळखपत्र तपासले गेले होते. मुलांच्या खिशांतल्या नाण्यांवर जी यंत्रे पोसली गेली, ती आता मिळवत्या माणसांच्या सोबतीला होती.

'तुमच्या पिढीचे' हा शब्द मात्र आमच्यात अडकून राहिला. नव्वदच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागे एक व्हिडिओ गेमचे दुकान होते. तेथे सर्वांत जास्त गर्दी 'मुस्तफा'ला. त्या खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', साल १९९३. पण त्यातल्या एका पात्राच्या नावानेच तो देशभर ओळखला गेला. आमच्यातल्या एकाने तेथे शिकवणीच्या वेळा घालवल्या आणि घरी मारही खाल्ला. आमच्यातली दुसरी त्या दुकानात कधीच गेली नाही. भावाला जेवायला बोलवायला गेली की पायरीखालूनच हाक मारायची. पडद्याच्या फटीतून निळसर उजेड आणि मुलांच्या पाठी दिसत, तेवढेच. मुलींनी तेथे जाऊ नये, असे कोणी सांगितल्याचेही तिला आठवत नाही. सांगावे लागलेच नाही.

त्यामुळे त्या रात्री एकाच पेटीसमोर आम्ही दोघे दोन वेगळे खेळ खेळत होतो. एकाच्या हातांना जुनी सवय आठवत होती. दुसरीच्या हातांना आठवण्यासारखे काहीच नव्हते. तिचा पॅक-मॅन मिनिटभरात संपला, आणि तिने विचारलेला प्रश्न साधा होता : "याला शेवट कुठे आहे?" विद्यार्थ्याने सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. या खेळाला ठरवून दिलेला शेवट नाही. टप्प्यांची मोजणी आठ बिटांत होते, म्हणजे आकडा २५५ च्या पुढे जात नाही. २५६ व्या टप्प्यावर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे-आकड्यांच्या कचऱ्याने भरून जातो आणि पुढे जाता येत नाही. खेळणारा तेथवर पोहोचेल असे कर्त्यांनी धरलेच नसावे. यंत्राचा व्यवहारच मुळी तुम्ही लवकर हरावे आणि दुसरे नाणे टाकावे, असा होता. आठवणीत मात्र यातले नाणे तेवढे गळून पडते आणि निरागसता उरते.

तेथून आम्ही शेजारच्या ग्रीनपॉइंटमध्ये गेलो. 'सनशाइन लाँड्रोमॅट' हे बाहेरून कपडे धुण्याचे दुकान, आणि खरोखरच तेथे कपडे धुतले जातात. मागच्या बाजूला धुलाईयंत्रांसारखे दिसणारे एक दार उघडते आणि आत पिनबॉलची दालने लागतात. ही लपवाछपवी आज गंमत म्हणून आहे. पण या शहरात तिला इतिहास आहे. १९४२ मध्ये महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी पिनबॉलवर बंदी आणली. हा जुगार आहे आणि तो शाळकरी मुलांचे पैसे लुबाडतो, हा आक्षेप. यंत्रे जप्त झाली, घणाने फोडली गेली. बंदी उठली ती १९७६ मध्ये. रॉजर शार्प यांनी नगरपरिषदेच्या समितीपुढे चेंडू कोठून जाईल हे आधी सांगून तो तेथूनच नेऊन दाखवला; हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असे त्यातून पटवले गेले.

निषिद्ध गोष्ट प्रतिष्ठित कशी होते, हे मराठीच्या अभ्यासकाला नवे नाही. सभ्य घरांत ज्याचे नाव निघत नसे तो तमाशा आज आपण अभ्यासक्रमात शिकवतो. परंतु प्रतिष्ठा मिळते तेव्हा आठवणींचा ताबाही कोणाकडे तरी जातो. बहुधा जे आत होते त्यांच्याकडे. पडदा बाजूला सारून आत गेलेल्यांची आठवण ही 'पिढीची आठवण' ठरते. पायरीखालून हाक मारणारीची आठवण त्याच संध्याकाळची असते, पण तिला कोणी संग्रहालयात नेत नाही.

आमच्या वर्गातली मुले-मुली आज मोबाइलवर खेळतात. ती पेटी हरवून नाणे मागत असे. आजचे बरेच खेळ तुम्हांला उठूच देत नाहीत. व्यवहार तोच, रीत उलटी. तरी या बदलात एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते : फोन मुलीच्याही हातात असतो, आणि तिला पायरीखाली थांबावे लागत नाही. वीस वर्षांनी ही मुले आपल्या खेळांवर ललित लेख लिहितील. त्यांत तिची वाक्येही असावीत, एवढ्यासाठी आम्ही यंदा निबंधाचा विषय बदलला आहे : 'मला जेथे जाता आले नाही ती जागा.' पहिल्या गठ्ठ्यात आलेल्या वह्यांपैकी बहुतेक मुलींच्या आहेत.