टपावरच्या दांड्या

गाडीच्या टपावर आडव्या दांड्या बसवायच्या म्हटले की पहिला प्रश्न येतो, वजन किती पेलेल? माझ्या मते तो सोपा भाग. ४० बाय २० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाइप सपाट न ठेवता उभा धरला, तर त्याचा ताठपणा सुमारे तिप्पट होतो. लोखंड तेच, खर्चही तोच.

खरी परीक्षा ओझे वर उचलले जाते आणि पुढे झेपावते तेव्हा. टपावर शिडी बांधली असेल तर तिच्या पुढच्या टोकाखाली वारा शिरतो, आणि ताशी ४० वरून ८० वर गेलात की त्याचा जोर चौपट होतो. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लागला तर सामान स्वतःच्या निम्म्याहून अधिक वजनाइतक्या जोराने पुढे सरकू पाहते.

म्हणून माझे सारे लक्ष पकडीवर. मारुती ओम्नीच्या टपाला दोन्ही कडांनी पावसाच्या पाण्याची पन्हळ आहे. तिच्यामुळे पत्र्याला एकही भोक पाडावे लागत नाही. दांडीचा पाय पन्हळीत बसतो, वाकवलेली पट्टी पन्हळीला खालून धरते, आणि बोल्ट दोघांना आवळतो. मधे रबर हवेच. रंग खरवडला गेला की पावसाळ्यात गंज धरलाच. या पट्टीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग शिकंजा, मग कानस. पट्टी टोकाशीच टेकली तर सगळा ताण एका जागी येऊन पन्हळ वाकते. ती लांबीभर बसेपर्यंत कानस खाली ठेवायची नाही.

पाइपची तोंडे बंद करावीत, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचे घर बांधते. खालच्या अंगाला पाणी निघायला बारीक भोक मात्र असू द्यावे. रिकामी दांडी वाऱ्यात शीळ घालत असेल तर तिच्याभोवती दोरी मळसूत्रासारखी गुंडाळावी, म्हणजे मागे सुटणारे भोवरे एका तालात सुटत नाहीत.

कायमच्या कॅरिअरपेक्षा काढता येणारी दांडी मला प्रिय आहे, कारण ती वरचेवर हातात येते. रबर चिरले का, आटे झिजले का, हे सहज दिसते. नायलॉक नट बोटांनी फिरू लागला की त्याची आतली नायलॉनची कडी संपली; तो बदलायचाच. आणि सामान लादून निघाल्यावर दहाएक किलोमीटरवर थांबून पाना लावावा. तोवर रबर दबलेले असते, बोल्ट आणखी थोडा फिरतो.