नान्नजचा माळ

सोलापूरहून बार्शीच्या वाटेवर, वीसेक किलोमीटरवर नान्नज लागते. तेथील गवताळ माळ १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाला.

माळढोकाची मादी घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि जवळजवळ महिनाभर एकटीच उबविते. नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, पण उबवणीत त्याचा वाटा नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत, सारे भांडवल उघड्यावर! चार हात भूमी न्याहाळून चालणाऱ्या साधूंच्या ईर्यासमितीने ते अंडे वाचेल. मेंढरांच्या खुरांखाली वाचेलच असे नाही.

मोठ्या पक्ष्याचा वैरी निराळा. देह जड, समोरचे नीट दिसत नाही. उडताना विजेच्या तारा चुकविता येत नाहीत.

आता माळावर काळविटांचे कळप सहज भेटतात. माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे.